पिळाचा हिशेब: प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर

मफलर मागावरून उतरवला, कोमट पाण्यात धुतला, वाळत घातला आणि तासाभराने बघते तर कापडावर तिरप्या सुरकुत्या. वाळूवर वाऱ्याने उमटाव्यात तशा बारीक लाटा, तळहाताएवढ्या पट्ट्यांत, कुठे जास्त तर कुठे कमी. मागावर असताना कापड आरशासारखं सपाट होतं.

पहिला संशय अर्थात स्वतःवरच. ठोका कमीजास्त पडला असेल, ताणा, म्हणजे उभे धागे, एका बाजूला सैल राहिला असेल. टेबलावरचा साधा माग आहे माझा, एकाच फणीचा. त्यावर दोन वर्षं विणतेय, म्हणजे चुका कशा दिसतात एवढं तरी कळतं. ठोक्याची चूक आडवी दिसते, ताण्याची उभी. ही तिरपी होती.

मग झालरीतला एक धागा ओढून काढला आणि दोन्ही टोकं जवळ आणली. धागा मधूनच वळला आणि स्वतःभोवती गिरक्या घेत दोरीसारखा गुंडाळला गेला. माझ्या हातात वळवळत होता म्हटलं तरी चालेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आयुष्यभर माणसांबद्दल वापरली. ती मुळात दोरीबद्दल आहे हे आज डोक्यात शिरलं.

१४ नोव्हेंबर

उलगडा झाला. मी वापरलेलं सूत एकपदरी होतं, म्हणजे दुसऱ्या धाग्याशी न पिळलेलं, आणि त्याला पीळ भरपूर होता. मागावर ताणून धरलेलं असताना तो पीळ गप्प बसला. पाणी लागलं, ताण सुटला आणि प्रत्येक धागा उलट फिरायला लागला. घट्ट कापडात धाग्याला हलायला जागा नसते. माझी वीण मोकळी होती, म्हणून धागे सरकले आणि लाटा उमटल्या. काही विणकर हे मुद्दाम करतात. पीळ जास्त दिलेलं सूत घालून धुतल्यावर आक्रसणारं, चुण्या पडणारं कापड काढतात. माझ्याकडून ते नकळत झालं एवढाच फरक.

या दोन वर्षांत सूत घेताना मी काय बघितलं? रंग. जाडी. हाताला मऊ लागतं का. पीळ किती, कुठल्या दिशेचा, पदर किती, तंतू लांब की आखूड, हे एकदाही नाही. सगळा जीव नक्षीत.

कातायला शिकायचं ठरवलं. विणणं सोडायचं नाही. उलट विणण्यासाठीच.

१९ नोव्हेंबर

सामान जमलं:

लाकडी टकळी, दांडी साधारण ३० सेंटीमीटर, वरच्या बाजूला चकती आणि तिच्या टोकाला हूक. वजन ३५ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिलं. ही हवेत लोंबती ठेवून फिरवायची. कापसाची धातूची छोटी टकळी वेगळी, ती खाली टेकवून फिरवतात. कापसाचा तंतू आखूड, सूत बारीक, टकळीचं वजन त्यावर लटकवलं तर तुटणारच.

म्हणूनच सुरुवात लोकरीने. विंचरून सरळ केलेली कॉरिडेल मेंढीची लोकर, २०० ग्रॅम, मनगटाएवढ्या जाड पेडात. एक झुबका उपटून मोजला तर तंतू ९ सेंटीमीटर भरला. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटीमीटर. तंतू जितका लांब तितकी चुकायला सवड जास्त, असं कातणाऱ्या मैत्रिणीचं म्हणणं.

२० नोव्हेंबर

टकळी जमिनीवर पडण्याची संख्या: १७ पर्यंत मोजली, मग सोडून दिलं.

प्रकार असा होतो. डाव्या हातात लोकर, उजव्या हाताने टकळीला गिरकी. ती फिरते, पीळ वर चढतो, आणि तेवढ्या वेळात लोकर ओढून पातळ करायची असते. मी पातळ करेपर्यंत टकळी थांबते आणि उलटी फिरायला लागते. चढलेला पीळ उतरतो, तंतू एकमेकांना सोडतात, धप्प. फरशीचा आवाज खालच्या मजल्यावरच्यांना पाठ झाला असणार.

मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, दोन्ही कामं एकदम कशाला करतेस? आधी फिरव, मग टकळी गुडघ्यांत दाबून धर. पीळ साठलेला असतो त्यात. सावकाश ओढ, घाई काय आहे?"

तसं केलं. एक मीटर सूत झालं. गांडूळ गिळलेल्या दोऱ्यासारखं, पण सूत.

२१ नोव्हेंबर

३ मीटर. मान दुखतेय.

२५ नोव्हेंबर

आज हाताला काहीतरी कळलं. विसरायच्या आत लिहून ठेवते.

लोकर आणि सूत यांच्या मध्ये एक त्रिकोण असतो. रुंद बाजू लोकरीकडे, टोक सुताकडे. या त्रिकोणात तंतू मोकळे असतात, एकमेकांवरून सरकू शकतात. टोकाच्या पुढे पीळ आहे, तिथे काहीही सरकत नाही. खालच्या हाताचा अंगठा आणि तर्जनी म्हणजे फाटक. चिमूट घट्ट असेपर्यंत पीळ खाली अडून राहतो. वरच्या हाताने लोकर मागे ओढायची, तीही तंतूच्या लांबीपेक्षा कमीच, मग चिमूट सैल करून बोटं वर सरकवायची. पीळ त्रिकोणात घुसतो आणि पातळ केलेला भाग सूत होऊन बसतो.

पहिले पाच दिवस मी दोन हात जेमतेम चार सेंटीमीटर अंतरावर धरून ओढत होते. तंतू ९ सेंटीमीटरचा! म्हणजे एकाच तंतूची दोन टोकं माझ्याच दोन मुठींत, आणि मी रस्सीखेच खेळत होते स्वतःशीच. हात १२ सेंटीमीटर लांब धरले आणि लोकर लोण्यासारखी यायला लागली.

दुसरी गोष्ट: पीळ पातळ जागेकडे धावतो. सुतात एक जाड गाठोळं आणि शेजारी बारीक जागा असेल तर सगळा पीळ बारीक जागेत जमतो, ती तारेसारखी कडक होते आणि गाठोळं तसंच पिंजलेलं, भुसभुशीत राहतं. हे अन्यायकारक आहे पण उपयोगाचंही. गाठोळ्याच्या दोन बाजूंना धरून थोडा पीळ उलटा सोडला आणि हलकेच ओढलं की तंतू सरकतात, जाडी कमी होते.

आजचं सूत: ११ मीटर, एका तासात. एकदाही तुटलं नाही असं म्हणायची इच्छा आहे, पण चारदा तुटलं. सांधायला मात्र जमलं. दोन्ही टोकं पिंजून एकमेकांवर ठेवायची आणि पीळ सोडायचा. गाठ मारायची नाही.

३ डिसेंबर

आता गाडी २२ मीटर तासाला. उत्साहाच्या भरात पूर्ण मफलरचा हिशेब मांडला.

दुपदरी सूत पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळलं की एका इंचात १६ वेढे बसतील अशा जाडीचं हवं. साध्या विणीला त्याच्या निम्मे, म्हणजे इंचाला ८ धागे. रुंदी १० इंच, तर ताण्याचे ८० धागे. ६० इंचांचा मफलर, झालर, कापड आवळतं त्याचं, मागावर वाया जाणारं टोक, सगळं धरून प्रत्येक धागा अडीच मीटर. ताणा झाला २०० मीटर. बाणा, म्हणजे आडवा धागा, इंचाला ८ फेऱ्या, ६० इंच, म्हणजे ४८० फेऱ्या दहा-दहा इंचांच्या. ते १२२ मीटर, दहा टक्के वरकड धरून १३४. एकूण ३३४ मीटर.

पण हे दुपदरी. कातायचं त्याच्या दुप्पट, ६६८ मीटर. माझ्या वेगाने तीस तास, आणि दोन पदर एकत्र पिळायचा वेळ निराळा. विणायला? असा मफलर मी दोन संध्याकाळींत उतरवते.

४ डिसेंबर

कालचा आकडा डोक्यातून जात नाही. यंत्रं येण्याआधी जगात सगळीकडे हेच गणित होतं. एका विणकराचा माग चालू ठेवायला अनेक कातणारे हात लागत. १७३३ मध्ये जॉन के याने दोरीने पळणारा धोटा (बाण्याचं सूत इकडून तिकडे नेणारा) आणला तेव्हा विणणं आणखी वेगवान झालं, आणि सुताची टंचाई आणखी वाढली. जेम्स हारग्रीव्ह्जची एकावेळी अनेक धागे कातणारी जेनी त्यानंतर तीसेक वर्षांनी आली. शाळेत हे सगळं यंत्रांची नावं आणि सनावळ्या म्हणून पाठ केलं होतं. गुडघ्यात टकळी धरून बसल्यावर कळतं की ती तीस वर्षं किती बायकांच्या बोटांवरून गेली असतील.

ठरलं: ताणा विकतच्या दुपदरी लोकरीचा, बाणा माझा. १३४ मीटर दुपदरी मला झेपेल. शिवाय ताण्याला फणीचं घर्षण आणि ओढ दोन्ही सोसावं लागतं. माझ्या सुताच्या कच्च्या जागा तिथे उघड्या पडतील. बाणा नुसता आडवा पडून राहतो, बिचारा.

१५ डिसेंबर

पदर पिळायचा दिवस.

टकळीला वरून बघून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गिरकी दिली की सुतावर जी तिरपी रेघ दिसते ती इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारखी असते. म्हणून झेड पीळ. उलट फिरवलं की एस पीळ. माझे दोन्ही पदर झेड. त्यांना एकत्र करताना टकळी उलटी फिरवायची. असं केल्याने प्रत्येक पदरातला थोडा पीळ सुटतो, पदर एकमेकांना कवळ घालून बसतात आणि दोन ओढी एकमेकींना तोलतात. धागा शांत होतो. १२ नोव्हेंबरच्या वळवळत्या धाग्याची ही दुसरी बाजू.

किती पिळायचं हे कसं ओळखायचं? ताज्या कातलेल्या एकपदरी सुताचं हातभर टोक सैल सोडायचं. ते आपोआप दुमडून जेवढं गुंडाळतं, तेवढाच पीळ दुपदरीला हवा. सूतच आपलं माप सांगतं. मी ते छोटं वेटोळं कातरून कागदावर चिकटवून ठेवलं आणि मधून मधून ताडून बघितलं. पहिल्या वीस मीटरनंतर माझा हात सैल पडला होता, कागदाने पकडला.

फाळक्यावर गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, गरम पाण्यात थेंबभर साबण घालून वीस मिनिटं बुडवून ठेवली. चोळायची नाही, नाहीतर तंतू एकमेकांत गुंतून नमदा होईल. पिळून, झटकून, वाळत घातली. खाली वजन बांधायचा मोह झाला. वजनाने सूत सरळ दिसतं खरं, पण ते ताणलेलं दिसणं असतं. विणून धुतलं की पुन्हा आखडणार. म्हणजे फिरून तोच मफलर. वजन बांधलं नाही.

वाळल्यावर लड दोन्ही हातांत धरून खाली सोडली. लोंबती राहिली. वळली नाही, गुंडाळली नाही. जवळजवळ. एक अर्धा वेढा घेतला, तो मी बघितला नाही असं ठरवलं.

मोजमाप: ४१ मीटर, इंचात वेढे कुठे १३, कुठे १९.

२२ डिसेंबर

मैत्रिणीकडे तिच्या पेटी चरख्यावर कापूस कातून बघितला. हा घडीचा चरखा गांधीजींच्या येरवड्यातल्या तुरुंगवासात घडत गेला, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. मोठं चाक लहान चाकाला फिरवतं, लहान चाक चातीला (ज्यावर सूत पिळलं जातं त्या टोकदार सळईला), म्हणजे हाताची एक फेरी आणि चातीच्या कितीतरी.

लोकरीचा अनुभव इथे जवळपास शून्य कामाचा. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची गुंडाळी, डाव्या हातात इतका हलका धरायचा की धरलाय की नाही कळू नये. मी मूठ आवळली, सूत तुटलं. पुन्हा आवळली, पुन्हा तुटलं. चातीच्या अणकुचीदार टोकावरून सूत दर फेरीला टिक टिक करत घसरतं आणि त्या प्रत्येक टिकेला एक पीळ बसतो. हात मागे मागे नेत जायचा, छातीपासून पार बाजूला जाईपर्यंत. मग सूत चातीला काटकोनात धरून गुंडाळायचं आणि पुन्हा पुढे. ती कातत होती तेव्हा हात असा गेला जसं काही पेळूतून धूर ओढून काढतेय.

माझं कापसाचं सूत: दीड मीटर. आता नको. लोकर संपेपर्यंत कापसाकडे वळायचं नाही.

४ जानेवारी

बाणा पूर्ण, १३८ मीटर. आज विणायला घेतलं.

ओबडधोबड सूत विणताना जे होईल असं वाटलं होतं ते झालंच नाही. जाड-बारीक जागा कापडात विखुरल्या, एकत्र आल्या नाहीत, आणि लांबून पाहिलं तर त्याला पोत म्हणावंसं वाटतं. पहिल्या आठवड्यातलं गांडूळही मी घुसवलं, कडेपासून तिसऱ्या इंचात. ते कुठे आहे हे मला एकटीला दिसतं.

एक त्रास नोंदवायलाच हवा: धोट्यावरून सूत सुटताना मधूनच सैल जागा येते आणि कडेला लूप राहतो. विकतच्या सुताला हे कधी होत नव्हतं. प्रत्येक फेरीला कड बोटाने चाचपावी लागली. दोन संध्याकाळींचं काम पाच संध्याकाळी चालणार असं दिसतंय.

११ जानेवारी

धुतला. सपाट राहिला.

१८ जानेवारी

मफलरने डोकं मोकळं झालं तसा पिळाच्या दिशेचा नाद लागला. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर इजिप्तमध्ये बेरेनिके नावाचं जुनं बंदर होतं. तिथल्या उकिरड्यांत कापडाच्या चिंध्या सापडल्या. इजिप्तची जुनी कताई एस पिळाची, भारतातल्या कापसाची झेड पिळाची. त्यामुळे झेड पिळाचं सुती कापड दिसलं की ते समुद्रापलीकडून, भारतातून आलं असावं असा माग अभ्यासक काढतात. कातणाऱ्याने टकळी कुठल्या बाजूला फिरवली एवढ्यावरून!

आणि ऑस्ट्रियात हालश्टाटच्या मिठाच्या खाणीत मिठामुळे टिकलेल्या प्राचीन लोकरी कापडांत एक युक्ती दिसते. काही धागे झेड, काही एस, आलटून पालटून पट्ट्यांत लावलेले. रंग एकच, पण तंतूंचा कल उलटा असल्याने प्रकाश वेगवेगळा परततो आणि सावलीचे पट्टे उमटतात.

हे करून बघायचं. छोटा नमुना, ६ इंच रुंद, इंचाला १० धागे, एकपदरी ताणा. दहा धागे झेड, दहा एस, असे सहा पट्टे. सव्वा मीटरच्या हिशेबाने प्रत्येक दिशेचं ३८ मीटर. बाणा सगळा झेड.

२४ जानेवारी

एस पीळ कातणं म्हणजे डाव्या हाताने सही करणं. बोटांना उजवी गिरकी इतकी सवयीची झाली आहे की लक्ष गेलं की टकळी आपली जुन्या दिशेला. दोनदा कातलेलं उलगडलं आणि जमिनीवर आपटलं. नोव्हेंबर परत आला.

दोन्ही लडींना वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. नाहीतर पांढऱ्यात पांढरं, कुठलं कुठलं कळणार नाही.

२७ जानेवारी

एकपदरी सूत ताण्याला लावायचं म्हणजे खळ हवी. जवस पाण्यात उकळून, गाळून, तो चिकट रस लडीला चोपडला आणि या वेळी मात्र वजन बांधून ताणून वाळवला. इथे ताणलेलं दिसणंच हवंय. खळ पीळ धरून ठेवते आणि सुटे तंतू बसवते, धुतल्यावर निघून जाते.

ताणा लावताना खळ दिलेला धागा फणीच्या घरातून सुतारकामाच्या दोरीसारखा सरळ गेला.

१ फेब्रुवारी

साठ धाग्यांतले तीन तुटले, तिन्ही एस. कातणाऱ्या हाताची चुगली.

मागावर काहीच दिसत नव्हतं. खळीमुळे सगळं एकसारखं चापट, एका पांढऱ्या पट्ट्यावर दुसरा पांढरा पट्टा. जवळपास मान्य केलं होतं की माझा पीळ कमी पडला.

उतरवून धुतलं, खळ निघाली, टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवलं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी खिडकीशी नेलं. समोरून बघितलं, काही नाही. मग कापड डोळ्यांच्या पातळीला आणून हळूच तिरपं केलं. एक पट्टा उजळला, शेजारचा मंदावला. उलट्या बाजूला कललं की अदलाबदल. सहा पट्टे, रंग एकही नाही. एस पट्ट्यांवरून बोट फिरवलं तर ते किंचित फुगीर लागले, बाणा झेड असल्यामुळे असेल. तिथे तंतू एकमेकांत बसत नाहीत, एकमेकांवर आडवे येतात.

चौथ्या पट्ट्यात एक धागा चुकीचा आहे. एसमध्ये झेड. रंगीत दोरा बांधूनही. तो एकटाच भलत्या वेळी चमकतो.

उरलेली लोकर तोलली: ११० ग्रॅम.